बांधावरची निर्गुडी : लेप घरचा, पोटातील औषध वैद्याचे

फाल्गुन सरत आला की देवळा तालुक्यात उन्हाळी कांद्याच्या काढणीची घाई उडते. गिरणाकाठच्या लोहोणेरपासून मुंबई-आग्रा महामार्गावरील उमराण्यापर्यंत शेतोशेती कांदा उपटणारी व पात कापणारी माणसे दिसू लागतात. हे काम उकिडवे बसून किंवा कमरेत वाकून करावे लागते आणि ते पंधरा-पंधरा दिवस चालते. सायंकाळी घरी परतणाऱ्या मजुराची व शेतकऱ्याची कंबर धरलेली असते, गुडघे भरून आलेले असतात आणि विळा धरणारे मनगट रात्रभर ठणकत राहते. कांदा चाळीत पडेपर्यंत कोणालाच विसावा नसतो.

अशा वेळी आज घरोघर काय केले जाते? दुकानातून अंगदुखीची गोळी आणली जाते व चहाच्या घोटाबरोबर घेतली जाते. सकाळी पुन्हा वाकावयाचे असते, म्हणून पुन्हा गोळी. काढणीचा हंगाम संपतो, परंतु गोळीची सवय उरते. हीच गोळी उपाशीपोटी वारंवार घेतल्याने जठराला व्रण पडतात. उन्हात घाम जाऊन अंगातील पाणी कमी झालेले असताना तीच मूत्रपिंडांनाही अपाय करू शकते. पुष्कळ शेतकऱ्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते. गंमत अशी की गोळी आणावयास निघालेला माणूस ज्या नाल्यावरून जातो, त्याच नाल्याच्या काठी निर्गुडीचे झुडूप उभे असते आणि त्याच्या आजीने आयुष्यभर त्याच पाल्याने अंग शेकलेले असते.

वेदना, ताप व सूज यांवरील वनस्पतींबद्दल सध्या दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण हे सारे अडाणीपणाचे म्हणून मोडीत काढतात. काहींना वाटते की झाडपाल्यापासून अपाय म्हणून कधी होतच नाही, तेव्हा कोणताही काढा कितीही घ्यावा. ही दोन्ही मते शेतकऱ्याचे नुकसान करणारी आहेत. यांच्यामधून जाणारी एक साधी वाट आहे. श्रमाच्या दुखण्यावर बाहेरून शेकावयाचे वा लावावयाचे औषध बांधावरचे असावे, पोटात घ्यावयाचे औषध मात्र वैद्याला अगर डॉक्टरला विचारल्याखेरीज घेऊ नये, आणि या दोहोंच्या आधी वनस्पतीची ओळख पक्की असावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा एवढा नियम जरी घरोघर पोचविला, तरी पुष्कळ काम होईल.

निर्गुडीचा शेक

निर्गुडी ओळखण्यास सोपी आहे. एका देठावर तीन किंवा पाच लांबट पाने हाताच्या बोटांसारखी पसरलेली असतात. पान वरून हिरवे व खालून करडे-पांढुरके असते. फुले लहान, निळसर-जांभळी असून पान चुरगाळताच उग्र वास येतो. नाल्याच्या काठी, ओसाड जागी व बांधावर ती आपण होऊन येते. शेळ्या-मेंढ्या तिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणालाही ती उपयोगी पडते.

आयुर्वेदात वातविकारावर व सुजेवर निर्गुडी सांगितलेली आहे. प्रयोगशाळेत प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतही तिच्या पानांच्या अर्काने सूज व वेदना कमी होत असल्याचे आढळले आहे. माणसांवरील मोठ्या चाचण्या मात्र थोड्या आहेत, यास्तव तिला रामबाण म्हणणे योग्य होणार नाही. दिवसभर वाकून आखडलेल्या स्नायूंना ऊब मिळाली की आराम पडतो, हे तर निर्विवाद आहे. त्या उबेला निर्गुडीची जोड मिळते, खर्च काहीच होत नाही, आणि जठराला व मूत्रपिंडांना गोळीने होणारा अपाय टळतो. श्रमाच्या दुखण्यावर पहिला उपाय म्हणून शेकाला पसंती द्यावी ती एवढ्याचसाठी.

शेक देण्याची रीत अशी : ताज्या पाल्याच्या तीन-चार मुठी चार ते पाच लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळाव्यात. पाणी सोसवेल इतपत निवू द्यावे. त्यात जाड सुती फडके भिजवून पिळावे, प्रथम आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि मग दुखऱ्या भागावर पंधरा-वीस मिनिटे शेक द्यावा. एरंडाचे पान किंचित गरम करून गुडघ्यावर बांधण्याची चालही या भागात आहे व तिचा हेतू तोच.

शेकालाही काही पथ्ये आहेत. नुकताच पाय मुरगळला असेल तर पहिले एक-दोन दिवस गरम शेक देऊ नये, त्याने सूज वाढते. त्या वेळी गार पाण्याची पट्टी चांगली. जखमेवर, पू झालेल्या जागी अगर लालभडक व तापलेल्या सांध्यावर शेक देणे बरोबर नाही. मधुमेही माणसाच्या पायांना पुष्कळदा चटका कळत नाही आणि शेकता शेकता कातडी भाजून निघते. अशांच्या पायाला शेक देऊच नये. गुडघा कित्येक आठवडे सुजलेलाच राहत असेल, सकाळी बोटे आखडत असतील किंवा कंबरेतून कळ पायात उतरून पाय बधिर होत असेल, तर ते श्रमाचे दुखणे नव्हे. त्याची तपासणी झाली पाहिजे.

बिब्बा व रुई

बाहेरून लावावयाचे म्हणून सारेच निर्धोक, असेही कोणी समजू नये. गुडघ्याला, टाचेला बिब्बा लावण्याचा प्रघात महाराष्ट्रभर आहे. बिब्ब्याचे तेल अत्यंत दाहक असून ते लागलेल्या जागी फोड उठतात, कातडी जळते व कित्येकांच्या सर्वांगावर सूज येते. आयुर्वेदातही बिब्बा शुद्ध केल्यावाचून वापरीत नाहीत आणि ही शुद्धी घरी होण्यासारखी नाही. रुईचे पान शेकून बांधतात, पण त्याचा चीक चुकून डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊन दृष्टी अंधूक होते. लहान मुलांच्या अंगाला तर बिब्बा अगर चीक कधीही लावू नये. निर्गुडी व एरंड हाती असताना बिब्ब्याकडे वळण्याचे कारण नाही.

सालीपासून गोळीपर्यंत

वनस्पतीत वेदना शमविणारे द्रव्य असते, हे विज्ञानाला मान्य आहे. वेदनेवरील सर्वांत प्रसिद्ध गोळीचा उगम एका झाडाच्या सालीत आहे. त्या झाडाच्या जातीचेच वाळुंज हे झाड आपल्याकडे नद्या-ओढ्यांच्या काठी वाढते. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने इ. स. १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळविले की, या झाडाच्या वाळलेल्या सालीची पूड त्याने सुमारे ५० तापकऱ्यांना दिली व तिचा गुण आला. १८२८ मध्ये जर्मनीत त्या सालीतील सॅलिसिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमन याने बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिन तयार केले. ही गोळी शरीरात नेमके काय करते, याचा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला व त्या कार्याबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

सालीच्या पुडीपासून गोळीपर्यंत १३४ वर्षे लागली. या काळात मात्रा कळली, आणि पुढे अपायही कळले. ॲस्पिरिनने जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, ताप असलेल्या लहान मुलांना ती देऊ नये, डेंग्यूच्या तापात ती धोक्याची आहे, हे सारे आज ठाऊक आहे. घरच्या काढ्याची मात्रा अशी ठरलेली नसते. एकाच पिशवीतील कांद्याचे बी दोन वावरांत दोन प्रकारचे पीक देते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. तद्वत जमीन, ऋतू, झाडाचे वय व वाळवण्याची रीत यांप्रमाणे पानातील व सालीतील द्रव्यही कमीअधिक होते. बाहेरून लावताना हा फरक फारसा बाधत नाही, पोटात घेताना मात्र बाधतो.

गुळवेलीची गोष्ट

याचा दाखला गुळवेलीने दिला आहे. तापावर गुळवेल ही आयुर्वेदाने मानलेली वनस्पती आहे. २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा शहरांत व खेड्यांत असंख्य लोक रोज गुळवेलीचा काढा पिऊ लागले. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली होती. आयुष मंत्रालयाने यावर असे म्हटले की खरी गुळवेल योग्य मात्रेत निर्धोक आहे, परंतु तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल अपायकारक ठरू शकते. या दोन पक्षांतील वाद तज्ज्ञांनी मिटवावा. शेतकऱ्याला मात्र दोहोंकडून एकच बोध मिळतो : नेमकी वेल ओळखता येत नसेल, तर ती पोटात घालू नये.

खऱ्या गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेलीचे टिनोस्पोरा क्रिस्पा. दोघींची पाने हृदयाच्या आकाराची असल्याने नुसत्या पानावरून फसगत होते. क्रिस्पाचे खोड करडे असून त्यावर गाठीगाठींसारखे पुष्कळ उंचवटे असतात व सोलल्यावर दुधासारखा चीक येतो. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवे असते, त्यावर पातळ पापुद्रा सुटतो व चीक निघत नाही. तिची पिकलेली फळे लालभडक असतात. हे सारे पाहूनही शंका राहिली तर जाणत्याला दाखवावे. ओळख पटली तरी ती दररोज, महिनोन् महिने घेऊ नये. यकृताचा विकार असलेल्यांनी, मधुमेहावर औषध घेणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी तर डॉक्टरला विचारल्यावाचून ती घेऊच नये.

ताप ही खूण आहे

सर्वांत मोठा धोका वेळ दवडण्याचा आहे. ताप ही रोगाची खूण असते आणि तिच्यामागे साधी सर्दी असू शकते, तसाच हिवताप, विषमज्वर किंवा डेंग्यूही असू शकतो. काढ्याने अंग थंड झाले म्हणून रोग गेला असे होत नाही. डेंग्यूत तर धोका बहुधा ताप उतरू लागला म्हणजेच सुरू होतो. घरच्यांना वाटते काढ्याचा गुण आला, आणि नेमक्या त्याच वेळी रुग्णाच्या पोटात कळा येतात, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते, हातपाय गार पडतात. अशा रुग्णाला क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात नेले पाहिजे.

म्हणून ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. हिवतापाची तपासणी तेथे विनामूल्य होते. तान्हे मूल, गरोदर स्त्री व वृद्ध यांच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये. तोपर्यंत कोमट पाण्याने अंग पुसणे, भरपूर पाणी व पेज देणे एवढे घरी करावे. निदान होण्यापूर्वी अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नयेत, कारण डेंग्यू असल्यास त्यांपैकी काहींनी रक्तस्राव वाढतो. आधी काही काढा अगर पाला घेतला असेल तर तो डॉक्टरला न लाजता सांगावा, आणि डॉक्टरांनीही ते ऐकून रुग्णाला हिणवू नये. रुग्णाने लपविलेला काढा पुढे उपचारात घोटाळा करतो.

जनावरांची सूज

बैलाची खांदेसूज, गाईची कास सुजणे, शेळीचा पाय सुजणे हीही शेतकऱ्याची नित्याची दुखणी. येथे बेफिकिरीने वापरलेल्या एका औषधाची किंमत साऱ्या देशाने मोजली. सूज व वेदनेवरील डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांना सर्रास टोचले जाऊ लागले. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. हे कारण २००४ मध्ये उजेडात आले, तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे देशातून जवळजवळ नाहीशी झाली होती. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्यांचे माप ३ मिलिलिटरवर आणले गेले. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. नाशिक जिल्ह्यातच हरसूलकडे खोरीपाडा येथे वन विभागाने ग्रामस्थांच्या साह्याने गिधाडांसाठी सुरक्षित खाद्याची जागा तयार केली, ती या हानीची थोडीशी भरपाई होय. जनावराच्या सुजेवर औषध लागलेच तर मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना निर्धोक औषध पशुवैद्यकाकडून घ्यावे.

येथेही बाहेरून लावावयाच्या लेपाला स्थान आहे. कासदाहाच्या, म्हणजे दगडीच्या, सुरुवातीला आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पुरस्कारलेला लेप कोणालाही घरी करता येईल. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व खाण्याचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटावा. कासेतील सर्व दूध काढून टाकून, कास धुऊन, या वाटणात थोडे पाणी घालून दिवसातून अनेक वेळा पाच दिवस लावावे. मात्र गाईला ताप असेल, तिने चारा सोडला असेल किंवा दुधात रक्त वा पू दिसत असेल, तर केवळ लेपावर न थांबता पशुवैद्यकास बोलवावे.

बांध मोकळा करण्यापूर्वी

हे सारे उपाय जिच्यावर उभे आहेत ती वनस्पती गावात उरली तरच त्यांचा उपयोग. बांध कोरून अरुंद करणे, नाल्याचे काठ यंत्राने साफ करणे व उरलेल्या झुडपांवर तणनाशक मारणे हे प्रकार सर्वत्र वाढले आहेत. निर्गुडी, अडुळसा, एरंड व कडुनिंबावर चढलेली गुळवेल ही त्यांत पिकाचे शत्रू म्हणून जातात. वास्तविक निर्गुडीची मुळे नाल्याच्या काठची माती धरून ठेवतात. तिचा वाळलेला पाला धान्याच्या कणगीत किडीपासून राखण म्हणून घालतात, आणि दशपर्णी अर्कातही तो लागतो. बांधाच्या एका कोपऱ्यात दोन झुडपे राखल्याने कांद्याचे उत्पन्न काही घटत नाही.

जेथे निर्गुडी नाहीशी झाली आहे तेथे पावसाळ्याच्या तोंडाशी तिच्या पक्व फांद्यांचे वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे लावावेत. ते सहज जगतात. पिकावर सावली पडणार नाही अशी जागा निवडावी व दरवर्षी छाटणी करावी. औषधी वनस्पतीचे सलग पीक घेऊन भरघोस पैसा मिळेल, अशा जाहिरातींना भुलून रोपे विकत घेण्यापूर्वी मात्र माल कोण, कोठे व कोणत्या दराने घेणार याचा लेखी करार पाहावा. येथे सांगितलेला उपयोग घरापुरता आहे व त्यासाठी दोन झुडपे पुरेत.

झाडे राहिली आणि ओळख गेली, तरीही उपयोग नाही. गावात निर्गुडी, गुळवेल बिनचूक ओळखणारी माणसे आता बहुधा साठी ओलांडलेली आहेत. त्यांचे ज्ञान लिहून ठेवण्याचे महत्त्व हळदीच्या खटल्याने दाखवून दिले. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली आणि जुने लेखी पुरावे पुढे केल्यामुळे १९९७ मध्ये ते रद्द झाले. जे लिहिलेले होते तेच तेथे उपयोगी पडले.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही असावयाची आहे. ही नोंदवही केवळ दप्तरात न राहता कामाला यावी. येत्या पावसाळ्यात एक-दोन दिवस काढून गावपातळीवरील कृषी कर्मचारी, आशा कार्यकर्ती व शाळेतील वरच्या वर्गाची मुले यांनी गावातील जाणत्या आजी-आजोबांबरोबर बांध व नाले फिरावेत. सापडलेल्या प्रत्येक वनस्पतीची फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवावी, तिचे गावातील नाव, जागा व उपयोग लिहावा, आणि नजीकच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून ओळख तपासून घ्यावी. उपयोगापुढे एकच खूण करावी : बाहेरून लावावयाची की पोटात घ्यावयाची. दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येक नावापुढे डॉक्टरला विचारण्याची सूचना तांबड्या शाईने लिहावी.

पुढच्या चैत्रात कांद्याची काढणी पुन्हा येईल आणि कमरा पुन्हा दुखतील. त्या वेळी चुलीवर निर्गुडीचे पाणी उकळत असावे, आणि घरात कोणाला दोन दिवसांहून अधिक ताप असेल तर त्याची पावले आरोग्य केंद्राकडे वळलेली असावीत. त्यासाठी निर्गुडीच्या फांद्या या पावसाळ्याच्या आरंभीच लावाव्या लागतील.